घोड्यांच्या ट्रेलरचे वजन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न घोडे वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या वजनाविषयीचे आहेत. उत्तरांत शक्यतो एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले असल्याने प्रश्न क्रमाने वाचल्यास आकड्यांचा मेळ लागेल. उदाहरणातील आकडे समजावण्यापुरते आहेत. आपल्या गाडीचे आणि ट्रेलरचे आकडे त्यांच्यावर बसवलेल्या निर्मात्याच्या पट्टीवरूनच घ्यावेत.

प्रश्न : माझ्या गाडीच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता २५०० किलो दिलेली आहे. ट्रेलर रिकामा असताना १००० किलोचा आहे आणि त्यात साधारण ५०० किलोचे दोन घोडे न्यायचे आहेत. म्हणजे एकूण २००० किलो झाले आणि ५०० किलो शिल्लक राहिले. एवढी शिल्लक पुरेशी मानावी का?

उत्तर : बेरीज बरोबर आहे, पण तिच्यात धरलेले तीनही आकडे तपासून घ्यावे लागतील.

सर्वप्रथम रिकाम्या ट्रेलरचे वजन पाहू. माहितीपत्रकात छापलेले वजन बहुधा साध्या, जादा सोयी नसलेल्या ट्रेलरचे असते. जमिनीवर अंथरलेल्या जाड रबरी मॅटचे वजन सहसा कोणी मोजत नाही. पाऊण इंच जाडीची, चार बाय सहा फुटांची एक मॅट साधारण ४५ किलोची भरते. अशा दोन मॅट, जादा चाक आणि ते अडकवण्याची चौकट एवढे जरी धरले तरी १००० किलोचा ट्रेलर ११३० किलोपर्यंत जातो. घोडे ‘साधारण ५०० किलो’चे आहेत असे आपण लिहिता, प्रत्यक्षात एक ५२० आणि दुसरा ५६० किलोचा निघाला तर ते झाले १०८० किलो. वाटेत लागणारे ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. वाळलेले गवत ६० किलो, दोन खोगिरे, लगाम, झुली आणि इतर सामान मिळून ५० किलो, खुराक २० किलो. ही सारी बेरीज २४०० किलोवर येते. म्हणजे ५०० किलोंची शिल्लक १०० किलोंवर आली, आणि अजून गाडीत कोणी बसलेलेही नाही.

आता मर्यादांकडे वळू. येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत : गाडी एवढे ओढू शकते का, आणि ट्रेलर एवढे पेलू शकतो का. ट्रेलरच्या पट्टीवर त्याचे कमाल अनुज्ञेय वजन लिहिलेले असते व त्यात ट्रेलर आणि माल दोन्ही धरलेले असतात. तो आकडा २३०० असेल, तर गाडी कितीही ताकदवान असली तरी आपला ट्रेलर १०० किलोने जास्त भरलेला आहे आणि तो भार त्याच्या ॲक्सलवर (चाके जोडणाऱ्या आसावर), टायरवर आणि ब्रेकवर पडतो आहे. जुना ट्रेलर विकत घेणारे लोक रंग आणि दारे निरखून पाहतात. ही पट्टी मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती गंजून वाचता येत नसेल, तर ॲक्सलची क्षमता कळेपर्यंत तो ट्रेलर घेऊ नये असे माझे मत आहे.

गाडीच्या बाजूनेही २५०० हा एकच आकडा पुरत नाही. ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी अनेक निर्माते वापरत असलेल्या एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) जे२८०७ या मानकात गाडीत चालक आणि एकच सहप्रवासी, प्रत्येकी ६८ किलोचे, एवढेच गृहीत धरलेले आहे. त्यापलीकडे गाडीत चढणारे प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पेटी त्या क्षमतेतून वजा होते. शिवाय गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची वेगळी मर्यादा असते, गाडीच्या स्वतःच्या एकूण वजनाची वेगळी, मागच्या ॲक्सलची वेगळी आणि हिचची, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवण्याच्या भागाची, वेगळी. यांपैकी जी मर्यादा सर्वांत आधी गाठली जाते तीच आपली खरी मर्यादा होय, आणि घोड्यांच्या ट्रेलरच्या बाबतीत ती माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेली मर्यादा क्वचितच असते.

आणखी एक गोष्ट. माहितीपत्रकात ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा पुष्कळ गाड्यांना अवघी ७५० किलो असते, म्हणजे एक घोडा आणि त्याच्याभोवतीचा पत्रा इतकेही त्यात बसत नाही.

प्रश्न : घोड्याचे वजन काट्यावर करण्याची सोय नाही. अंदाज कसा बांधावा?

उत्तर : एक मोजफीत आणि घोड्याला स्थिर उभे करणारा मोतद्दार एवढे पुरते. तंग (खोगिराचा पट्टा) जिथे बसतो त्या जागी, म्हणजे पुढच्या पायांच्या लगेच मागून, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा आणि घोड्याने श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. त्यानंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ११,८८० ने भागावे. उत्तर किलोमध्ये मिळते. घेर १८० आणि लांबी १६५ सेंटीमीटर असेल तर घोडा सुमारे ४५० किलोचा आहे.

हे सूत्र वाढ पूर्ण झालेल्या, सर्वसाधारण बांध्याच्या घोड्यासाठी आहे. शिंगरू किंवा दिवस भरत आलेली घोडी यांना ते लागू पडत नाही. बाकीच्यांच्या बाबतीतही हा अंदाजच असल्याने ट्रेलरचा हिशेब करताना त्यात दहा टक्के मिळवून घ्यावेत. जातीपरत्वे फरक मोठा पडतो : तट्टू २०० ते ३५० किलोंच्या आसपास असते, स्वारीचा किंवा शर्यतीचा घोडा बहुधा ४५० ते ५५० किलोंचा, तर ओझे ओढणाऱ्या अवजड जातींचा घोडा ७०० पासून १००० किलोंपर्यंत जातो. ‘दोन घोड्यांचा ट्रेलर’ म्हणजे त्यात दोन घोड्यांना पुरेल एवढी जागा आहे. दोन अवजड घोड्यांचे वजन तो पेलेलच असे त्यातून निघत नाही.

प्रश्न : जोडणीवरचा भार, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाने गाडीच्या हिचवर पडणारे वजन, ज्याला टंग वेट म्हणतात, तो नेमका किती असावा? कमी ठेवला तर गाडीवरचा ताण कमी होईल असे वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. या एका गैरसमजातून बरेच अपघात होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बैलगाडी मागून जड भरली की उलाळते आणि पुढून जड भरली की जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरलाही हेच लागू आहे. भार ॲक्सलच्या मागे गेला की ट्रेलरचे तोंड गाडीच्या हिचला वर उचलू पाहते, गाडीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि विशिष्ट वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. हे झोके एकदा वाढू लागले की आपोआप थांबत नाहीत. पूर्ण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर असावा असा संकेत यासाठीच आहे. आपला २४०० किलोचा ट्रेलर घेतला तर हा भार २४० ते ३६० किलो होतो. पिकअपच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या गूसनेक ट्रेलरला तो अधिक, साधारण २० ते २५ टक्के लागतो. याउलट काही हलके ट्रेलर कमी भारावर, ५ ते ७ टक्क्यांवर चालावेत अशाच रचनेचे असतात, कारण ते ज्या मोटारींना जोडले जातात त्यांची हिच जेमतेम १०० किलोंच्या आसपास भार घेते. म्हणून ट्रेलरच्या निर्मात्याने सांगितलेले प्रमाण अंतिम मानावे आणि वरचा संकेत त्याच्या अभावी वापरावा.

भार जास्त झाला तर काय होते तेही पाहू. गाडी मागे बसते, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल जाणवते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे स्प्रिंगच्या दांड्यांची हिच, लावली तर यातला काही भार पुढच्या ॲक्सलकडे आणि ट्रेलरच्या ॲक्सलकडे वळतो. मात्र तिने गाडीची कोणतीही मर्यादा वाढत नाही, आणि गाडीचा निर्माता ती लावू देतो की नाही हे आधी पाहावे लागते.

जोडणीवरचा भार गाडीवर ठेवलेल्या सामानासारखाच मोजला जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, गाडीची माल आणि माणसे वाहण्याची क्षमता ५५० किलो आहे. जोडणीवरचा भार २४०, हिचचे सुटे भाग २५ आणि चार माणसे २८० किलो धरली तर ५४५ किलो झाले. पाच किलो उरले. कागदावर ओढण्याची क्षमता १०० किलो शिल्लक असतानाही वाहण्याची क्षमता संपलेली असते, ती अशी.

घोड्याच्या उभे राहण्याचाही यात संबंध येतो. घोडा स्थिर उभा असताना त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे तोंड पुढे करून उभ्या केलेल्या घोड्यांचा भार जोडणीकडे सरकतो आणि तेच घोडे मागे तोंड करून उभे केले तर ॲक्सलच्या मागे जाऊ शकतो. पुढे तोंड करून उभे करण्यासाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये स्वतःच्या कल्पनेने घोडे उलटे बांधू नयेत. मागे तोंड करण्याच्या ट्रेलरमध्ये ॲक्सलची जागाच त्या हिशेबाने ठरवलेली असते.

हिचचा विषय निघाला आहे म्हणून बॉलच्या, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाचा कपलर ज्यावर बसतो त्या हिचवरील गोळ्याच्या, मापाविषयी एक इशारा. ४७.६ मिलिमीटरचा लहान बॉल दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरच्या कपलरमध्ये बसतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर त्यावरून उसळून सुटतो. बॉलच्या माथ्यावर माप आणि क्षमता कोरलेली असते, ती वाचावी. बॉल, त्याखालची दांडी, गाडीचा रिसीव्हर (दांडी ज्यात बसते ती खोबण) आणि कपलर या चारांत ज्याची क्षमता सर्वांत कमी असेल तीच संपूर्ण जोडणीची क्षमता धरावी.

प्रश्न : वे-ब्रिजवर, म्हणजे वाहने तोलण्याच्या काट्यावर, नेमके काय आणि कोणत्या क्रमाने मोजावे? तेथे घोडे उतरवावे लागतात का?

उत्तर : घोडे उतरवावे लागत नाहीत, आणि घोडे आत असताना ट्रेलर गाडीपासून सोडवायचा तर कधीच नाही. तसे केल्यास घोडे एक पाऊल मागे सरताच ट्रेलर उलटा कलंडू शकतो.

तीन वजने घ्यावीत. पहिले वजन एकट्या गाडीचे. ते घोडे चढवण्याआधी, पण टाकी भरून आणि जी माणसे प्रवासाला जाणार आहेत ती आत बसवून करावे. दुसरे, घोडे चढवल्यावर, ट्रेलर जोडलेला ठेवून फक्त गाडीची चाके काट्यावर घेऊन. तिसरे, गाडी आणि ट्रेलर दोन्ही पूर्णपणे काट्यावर घेऊन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की जोडणीवरचा भार मिळतो आणि तिसऱ्यातून पहिले वजा केले की ट्रेलरचे पूर्ण वजन मिळते.

आपल्या उदाहरणातली गाडी रिकामी २१०० किलोची आहे. माणसे आणि हिचचे भाग धरून पहिले वजन २४०५, दुसरे २६२५ आणि तिसरे ४८०५ किलो आले असे समजू. ट्रेलर २४०० किलोचा ठरला आणि जोडणीवरचा भार २२० किलोचा, म्हणजे ९ टक्क्यांहून थोडा जास्त. दहा टक्क्यांसाठी तो किंचित कमी आहे. पाण्याच्या टाक्या आणि गवताचे गठ्ठे मागून पुढे हलवले की एवढी तूट सहज भरून निघेल. गाडीचे स्वतःचे कमाल वजन २६५० किलो असल्यामुळे त्या बाबतीत २५ किलोंची सवड आहे, आणि गठ्ठे पुढे हलवताना ती ओलांडली जाणार नाही हेही पाहावे लागेल. पण याच गाडीच्या पट्टीवर एकत्रित वजनाची मर्यादा ४७०० किलो लिहिलेली असेल तर काय? ट्रेलर २५०० च्या आत आहे, गाडी तिच्या मर्यादेत आहे, आणि तरीही दोन्ही मिळून १०५ किलोंनी जास्त आहेत. अशा वेळी पाणी मुक्कामाच्या ठिकाणी भरून गवतही आधी पोचते करावे, किंवा दोन माणसांनी दुसऱ्या वाहनाने यावे; या दोहोंपैकी एकाने काम भागते, नुसते पाणी किंवा नुसते गवत कमी करून नाही.

शक्य असल्यास गाडीच्या पुढच्या ॲक्सलचे वजन ट्रेलर जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर असे दोनदा घ्यावे. ते किती उतरले हे पाहिले की स्टिअरिंग हलके का वाटते याचे उत्तर मिळते.

प्रश्न : दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा न्यायचा असल्यास तो कोणत्या बाजूला उभा करावा?

उत्तर : चालक ज्या बाजूला बसतो त्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडील बाजूला. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. वजन कडेच्या बाजूला असेल तर ट्रेलर सतत त्या उताराकडे झुकतो, आणि कडेचे चाक खडीवर उतरलेच तर तो सावरणे अवघड जाते. दोन घोड्यांपैकी एक जड असेल तर जडाला याच न्यायाने मध्याकडे ठेवावे.

प्रश्न : तेवढ्याच वजनाचे सामान भरलेला ट्रेलर मी अनेकदा ओढला आहे. घोडे असताना मात्र गाडी मागून ढकलल्यासारखी आणि हेलकावल्यासारखी वाटते. वजन सारखे असताना असे का व्हावे?

उत्तर : कारण सामान बांधून ठेवता येते आणि घोडा स्वतःला सावरत असतो. वळणावर तो बाहेरच्या पायांवर जोर देतो, ब्रेक लागताच पुढे रेलतो, गाडीने वेग घेतला की मागच्या अडसरावर बसतो, आणि कंटाळला की टापा आपटतो. त्याच्या धडाचे वजन चार उंच पायांवर असल्याने गुरुत्वमध्यही तेवढ्याच वजनाच्या पोत्यांपेक्षा बराच वर असतो. आपल्याला जाणवणारा हेलकावा म्हणजे पाच-पाचशे किलोंच्या दोन प्राण्यांनी तोल सावरण्यासाठी केलेली हालचाल आहे. चालकाने ब्रेक आणि वळण जितके आधीपासून आणि संथपणे घेतले, तितकी ही हालचाल कमी होते.

ढकलल्यासारखे वाटणे मात्र ब्रेकशी संबंधित असू शकते आणि ते तपासून घ्यावे. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतील ब्रेक कंट्रोलरचा जोर भारानुसार बदलावा लागतो. रिकाम्या ट्रेलरसाठी लावून ठेवलेला जोर घोडे चढल्यावर अपुरा पडतो, आणि भरलेल्यासाठीचा जोर रिकाम्या ट्रेलरची चाके जाम करतो. ट्रेलरच्या रेट्याने आपोआप लागणाऱ्या ओव्हररन ब्रेकमध्ये कपलरमागचा सरकता दांडा गंजला किंवा कोरडा पडला की ब्रेक उशिरा लागतात. घोडे चढवण्यापूर्वी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून पाहण्याची सवय ठेवावी. ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल बॉलला गुंडाळलेली अनेक ठिकाणी दिसते. कपलर बॉलवरून निसटला की ती केबलही त्यासोबत निसटते आणि ब्रेक लागतच नाहीत. ती गाडीच्या पक्क्या भागाला स्वतंत्रपणे अडकवलेली हवी.

वेगाविषयी एवढेच सांगतो, की ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटरने जाताना ब्रेकना शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते, आणि ट्रेलरचे झोकेही वरच्याच वेगात सुरू होतात. झोके सुरू झालेच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. ट्रेलरचे ब्रेक हाताने लावण्याची सोय असल्यास ते हळूच लावावेत, गाडीचे ब्रेक जोरात दाबू नयेत आणि वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. लांब उतारावर सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवावा. चढावर उंचीचाही हिशेब असतो : टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते, त्यामुळे सपाटीवर मर्यादेला टेकलेला भार घाटमाथ्यावर गाडीला जड जातो.

प्रश्न : ट्रेलरचे टायर वर्षातून फार थोडे अंतर चालतात आणि नक्षी अजून चांगली आहे. ते बदलण्याची गरज आहे का?

उत्तर : ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. उन्हात महिनोन् महिने एकाच जागी उभे राहिल्याने रबर कडक होते आणि आतल्या थरांची पकड सुटते. बाहेरून नक्षी मात्र नवी दिसते. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक वाचावेत. ३५२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. पाच-सहा वर्षे झाली असतील तर नक्षी कशीही असो, घोड्यांच्या ट्रेलरसाठी मी तो बदलण्यास सांगेन.

भाराचा हिशेब असा. आपल्या ट्रेलरच्या २४०० किलोंपैकी २२० किलो गाडीने पेलले, म्हणून चार टायरवर २१८० किलो, सरासरीने प्रत्येकी ५४५ किलो आले. टायरवर भार निर्देशांक ९५ लिहिलेला असेल तर त्याची कमाल क्षमता ६९० किलो आहे. १०० असेल तर ८०० किलो. ९५ चा टायर सरासरीला पुरतो, पण ५६० किलोचा घोडा एका बाजूला आणि त्याच बाजूला पाण्याची टाकी ठेवली, तर त्या बाजूच्या दोन टायरवर सरासरीपेक्षा बराच जास्त भार येतो. ही क्षमता योग्य हवा असतानाच मिळते. हवा टायर थंड असताना, निघण्यापूर्वी तपासावी, आणि जादा चाकातही तितकीच भरावी. ते बहुधा रिकामेच लटकत असते.